शंभर बेराखा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, आता ठाण्यात. किद्दुश (शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, पेल्यावरची प्रार्थना), मलिदा (आभाराचा विधी आणि त्याचा प्रसाद) हे सगळं घरात होतंच. रोजच्या बेराखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी स्तुतिवाक्यं, मात्र पप्पांपुरत्या राहिल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ते अंथरुणाला खिळले आणि त्यांना आवाज पुरेना, म्हणून मी सोबत म्हणू लागलो. माणसाने दिवसाला शंभर बेराखा म्हणाव्यात, असं तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी मेईर सांगतात. ठरवलं, करून बघू.

आकड्याचं दडपण आठवड्याभरात गेलं. अमीदा म्हणजे रोज तीनदा उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना; तिच्यातच 19 प्रमाणे 57 होतात. बाकीच्या खाण्यापिण्यात, हात धुण्यात निघतात. शब्बाथची अमीदा 7 बेराखांची, तेव्हा फळं आणि सुवासाच्या वस्तू घेऊन भर घालावी लागते.

सकाळी डोळे उघडताच ‘मोदे आनी’. ‘मोदे’ म्हणजे आभार मानतो, आणि कबूल करतो असंही; ‘आनी’ म्हणजे मी. आपणही आभार ‘मानतो’च. आणि त्या वाक्यात ‘मी’ दुसरा येतो, आभार आधी.

मला हलवलं ते ‘अशेर यात्सार’ने. ही शौचाला जाऊन आल्यावरची बेराखा: देहात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एक फुटलं किंवा तुंबलं तर तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही. लहानपणी पुटपुटून मोकळे व्हायचो. पप्पांची नळी निघाली, पहिल्यांदा आपली आपण लघवी झाली, आणि भिंतीला धरून त्यांनी ती शब्द न शब्द म्हटली. मी दाराबाहेर रडत होतो.

त्यांची सगळी उस्तवार करायला कामाला ठेवलेले एक मामा यायचे. एकदा पाहुण्यांसमोर चादर ओली राहिली म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो. मामांचा चेहरा उतरला. पप्पा रात्री एवढंच म्हणाले, “चारचौघांत माणसाला लाजवणं म्हणजे रक्त सांडणं, असं तालमूदमध्ये आहे. तू आज नव्वद बेराखा म्हटल्यास ना?” किद्दुशच्या वेळी मनुकांच्या शरबतावर आधी बेराखा म्हणतात, तोवर भाकरीला कमीपणा वाटू नये म्हणून ती झाकून ठेवतात. आयुष्यभर भाकरी झाकली, आणि माणूस उघड्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्यांना बोलावून त्यांच्यासमोर मामांची माफी मागितली.

हिब्रूत कृतज्ञतेला ‘हकारात हातोव’ म्हणतात, चांगलं ओळखणं. मला देवाचं ओळखता येत होतं, हाताशी असलेल्या माणसाचं नव्हतं. मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं तोरात, आमच्या मूळ धर्मग्रंथात, आहे. मी सोयीसाठी आठवड्याचे एकदम द्यायचो. आता रोज देतो.

उणीव सांगायची तर घाई. चौथ्या महिन्यात मी नुसता मोजत होतो, अर्थ कधीच मागे पडला होता. मग मोजणं सोडलं. आता सत्तर होतात, कधी साठ. जीभ जड असेल त्या दिवशी फक्त अशेर यात्सार सावकाश म्हणतो.

पप्पा काठी घेऊन चालतात. त्यासाठी पुढच्या आठवड्यात मलिदा ठेवलाय: पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. बेराखेत केळ्याला ‘झाडाचं फळ’ म्हणायचं नाही, ‘जमिनीचं’ म्हणायचं. केळ एकदा घड देते आणि तोडली जाते, कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रार्थनेला लागणारे दहाजण जमवायचे आहेत. मामांना सांगितलंय, त्या दिवशी कामाला नाही, जेवायला यायचं, आणि पप्पांच्या शेजारी बसायचं.