ॲटिक इन्सुलेशन, दुसऱ्या हिवाळ्यात: बॅफल (हवेची वाट मोकळी ठेवणारी पन्हळ) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही ॲटिकमध्ये, म्हणजे छताखालच्या माळ्यावर, ब्लोन-इन सेल्युलोज (मशीनने उडवून भरायचं कागदाचं इन्सुलेशन) भरून घेतलं. शिकागोच्या पश्चिमेचं सबर्ब, सत्तरच्या दशकातलं घर, आधी जेमतेम चार इंच जुनं फायबरग्लास. आता एकूण १४ इंच, म्हणजे साधारण आर-४९ (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं).

डिसेंबरपर्यंत मी प्रचंड खूश होतो. वरच्या बेडरूम गार पडायच्या बंद झाल्या, फर्नेस कमी चालायला लागलं, गॅसचं बिल उतरलं. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

मग जानेवारीत उणे वीसची थंडी आली, नंतर ऊन पडलं आणि आईंच्या खोलीत छताला ओला डाग. सगळे म्हणाले रूफ लीक आहे. वर चढून टॉर्च मारला तर प्लायवूडला आतून पांढरा फ्रॉस्ट आणि खिळ्यांच्या टोकांना बर्फ! घरातली दमट हवा, कुकरची वाफ, सगळ्यांच्या आंघोळी, हे सगळं सीलिंगच्या फटींतून वर जातं. इन्सुलेशन वाढलं की ॲटिक आधीपेक्षा जास्त थंड राहतं, त्यामुळे तो ओलावा तिथे गोठतो आणि ऊन आलं की ठिबकतो. सॉफिटमधून (छताच्या बाहेर आलेल्या कडेखालच्या झरोक्यांतून) वारा आत येत असता तर तो ओलावा रिज व्हेंटमधून (छताच्या माथ्यावरच्या फटीतून) निघून गेला असता, पण कॉन्ट्रॅक्टरने बॅफल लावलेच नव्हते आणि सेल्युलोज पार कडेपर्यंत उडवून सगळे सॉफिट बुजवून टाकले होते.

दोन-तीन डॉलरची ती बॅफलची पन्हळ, राफ्टरच्या (छताच्या वाशांच्या) मधे स्टेपल करायची, बस. तेवढ्यासाठी माझं छत कुजलं असतं, याचा मला अजूनही संताप येतो.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणे रिज व्हेंट आहे ना, पुरे. कसं पुरे? वरून हवा बाहेर जायची तर खालून तेवढी आत यायला नको का? खालून नाही मिळाली तर ती हवा घरातूनच ओढली जाते, आपण पैसे देऊन गरम केलेली. १,२०० स्क्वेअर फुटांच्या ॲटिकला १/३०० च्या हिशोबाने (दर ३०० फुटांमागे १) हवेसाठी ४ स्क्वेअर फूट मोकळी जागा लागते, त्यातली साधारण निम्मी खाली सॉफिटला. शिवाय इन्सुलेशन आणि प्लायवूडच्या मधे किमान एक इंच हवेला वाट ठेवा असं बिल्डिंग कोडमध्येच आहे. फोटोंसकट हे सगळं ईमेलवर लिहून पाठवलं आणि शेवटचा हप्ता अडवून ठेवला होता, म्हणून मार्चमध्ये माणसं आली. सेल्युलोज मागे ओढून बॅफल लावले. बाथरूमच्या फॅनचा डक्ट ॲटिकमध्येच उघडा सुटलेला निघाला, तो दुसऱ्याकडून छताबाहेर काढून घेतला आणि लाइट, पाइप, हॅच (माळ्यावर चढायचं झाकण) यांच्या फटी फोम आणि सीलंटने बंद केल्या.

या जानेवारीत परत वर जाऊन बघितलं, प्लायवूड कोरडं ठणठणीत. त्यामुळे माझं मत आता असं झालंय की बजेट कमी असेल तर चार इंच कमी भरा पण आधी फटी बंद करा आणि बॅफल लावा. इन्सुलेशनवर मिळणारं फेडरल टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलंय, म्हणजे आता ती सूटही नाही. सेल्युलोज उडवायच्या आधी प्रत्येक बॅफलचा फोटो मागा आणि दिवसा ॲटिकमधला लाइट बंद करून सॉफिटकडून उजेड दिसतो का ते स्वतः बघा.

सेल्युलोजला चार स्टार, कंपनीला एक. गॅरेजच्या बाजूला उतार फार कमी आहे, तिथले दोन बॅफल अजून नीट बसलेले नाहीत, ते थंडी ओसरली की मीच लावणार आहे.