गावच्या वाचनालयाचं पोर्टल: वर्डप्रेस की स्थिर पानं?

धारणी किंवा कुरखेड्याकडच्या वाचनालयाचं पोर्टल लोक उघडणार ते मोबाइलवर, रेंज येत-जात असताना. तिथं स्थिर पानं सरस: पान आधीच तयार असतं, डेटाबेस नसल्यानं बिघडायला फारसं काही उरत नाही. वर्डप्रेस ही साइट चालवायची तयार प्रणाली; तिच्यासाठी पीएचपी (तिची भाषा), मायएसक्यूएल (तिचा डेटाबेस) आणि प्लगिन (जोडसुविधा) यांचे अपडेट सांभाळावे लागतात. ते करायचे राहिले की घुसखोरीला वाट मिळते, आणि बॅकअप नसेल तर सगळंच हातचं जातं.

खरी कसोटी मात्र शोधाची. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो: ‘विदर्भ’ टाकल्यास ‘विदर्भातील’ सापडतं, उलट नाही, ‘ग्रन्थ’ टाकून ‘ग्रंथ’ मिळत नाही. स्थिर साइटवर साध्या पद्धतीत शोधासाठी अख्खी ग्रंथयादी ब्राउझरमध्ये उतरवावी लागते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून ५,००० पुस्तकांची नावं-लेखक मिळून साधारण १ एमबी. जीझिप या दाबून पाठवायच्या पद्धतीनं ती बरीच आटते. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली यादी मात्र आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर दोन्हीकडे शोध रिकामाच.

अभ्यासिकेच्या सूचना रोज बदलत असतील आणि ग्रंथपालच त्या फोनवरून टाकणार असतील, तर वर्डप्रेस घ्या. वर्षातून चारदा बदल होत असेल, तर स्थिर पानंच.