दिंडोरी रोडवरचं कृषी सेवा केंद्र: औषधाआधी लेबल दाखवणारं दुकान

दोन हंगाम या दुकानातून माल घेतल्यावर लिहितेय. दिंडोरी तालुक्यात आमची साडेतीन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग आहे. फवारणीचं, पेस्टिंगचं (काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, औषध लावण्याचं) आणि मजुरांचं सगळं मीच बघते.

आधीच्या दुकानाचं नाव घेत नाही, पण तिथे काय झालं ते सांगायलाच हवं. तीन वर्षांपूर्वी गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं हायड्रोजन सायनामाइड कमी पडलं, म्हणून मी दोन लिटर सुटं मागवलं. मोठ्या कॅनमधून साध्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतून मिळालं. लेबल नाही, कागद नाही. सुरगाण्याहून आलेल्या मजुरांच्या टोळीतल्या एका दादाने दिवसभर काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावली आणि संध्याकाळी थोडी दारू घेतली. अर्ध्या तासात त्याचं तोंड लालभडक झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कोणतं आणि डबा कुठाय? नाव मला सांगता आलं. किती टक्क्यांचं, विषबाधेत काय करायचं, यातलं काहीच नाही. दादा वाचला, पण त्याच्या बोटांची साल पंधरा दिवस निघत होती.

हे औषध अंगात असताना दारू घेतली की शरीराला ती नीट पचवता येत नाही, विषारी घटक रक्तात साठतो आणि असा त्रास होतो. म्हणून पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू पूर्ण बंद ठेवायची असते. हे मला या दुकानात कळलं.

इथे मालकांच्या सूनबाई काउंटरला असतात, बीएस्सी ॲग्री झालेल्या. पहिल्याच दिवशी मी कॅन मागितला, तर त्यांनी तो फिरवून लेबल माझ्याकडे केलं आणि म्हणाल्या, "काकू, पैसे नंतर. आधी हा चौकोन बघा." टोकावर उभा केलेला चौकोन, वरच्या अर्ध्यात शब्द, खालच्या अर्ध्यात रंग. इतकी वर्षं मी तो बघत होते, पण अर्थ एवढाच लावला होता की लाल म्हणजे जहाल. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहून दिले, ते पान अजून माझ्याकडे आहे. प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पोटात जावं लागतं, त्यावरून रंग ठरतो. १ ते ५० असेल तर लाल, सोबत कवटी आणि हाडं. ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या वर हिरवा. कातडीवाटे जाणाऱ्या विषाचे आकडे वेगळे असतात.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हे लिहायला बसलेय. हा रंग फक्त एका गोष्टीचं उत्तर देतो: एकाच वेळी अंगात गेलं तर किती लवकर जीव जाईल. रोज थोडं थोडं अंगात जाऊन वर्षांनी काय होईल, ते रंग सांगत नाही. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपण डाऊनी या बुरशीच्या रोगाला सर्रास मारतो, एकदम पोटात गेल्यावर होणारी त्याची विषबाधा कमीच. पण युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मंजुरी पुढे वाढवली नाही, कारण प्रजननावर आणि शरीरातल्या संप्रेरकांवर होणारे परिणाम. माझ्या मळ्यात बायका कामाला असतात, कुणी नुकती लग्न झालेली, कुणी पोटुशी. हे ऐकल्यापासून फवारणीच्या दिवशी मी त्यांना त्या प्लॉटमध्ये पाय ठेवू देत नाही.

काउंटरच्या काचेखाली त्यांनी जीएचएसची, म्हणजे रसायनांचे धोके दाखवणाऱ्या जागतिक पद्धतीची, चार चित्रं लावली आहेत. कवटी, म्हणजे थोड्या मात्रेतही जीव धोक्यात. हातावर थेंब पडून हात खाल्ला जातोय, म्हणजे कातडी किंवा डोळा कायमचा जाऊ शकतो. उद्गारचिन्ह, म्हणजे कमी तीव्रतेचा त्रास, खाज, ॲलर्जी. आणि छातीवर चांदणीसारखा तडा गेलेला माणूस, म्हणजे कर्करोग, प्रजनन, एखादा अवयव निकामी होणं, श्वासाची ॲलर्जी. एकाच डब्यावर दोन-तीन चित्रं असू शकतात, कारण एकच रसायन माणसाला दोन-तीन वाटांनी इजा करतं. हायड्रोजन सायनामाइड गिळलं तर विष, कातडीला जाळणारं आणि ॲलर्जी आणणारंही.

बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणासाठी, मोरचूद (कॉपर सल्फेट) घ्यायला गेले तेव्हाही त्यांनी चष्मा घ्यायला लावला. मला वाटायचं, मोरचूद-चुना आपल्या आजोबांपासूनचा आहे. पण निळा खडा फोडताना उडालेली कणी डोळ्यात गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि कळीचा चुना पाण्यात पडला की उकळायला लागतो. आता चुना विरवताना मी स्वतः जवळ उभी असते.

सुटं औषध हे लोक कुणालाच देत नाहीत. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. डब्यासोबतचं मराठी माहितीपत्रक आठवणीने पिशवीत टाकतात. भाव बाजाराइतकाच, लिटरमागे पाच-दहा रुपये इकडे तिकडे. उधारी मात्र नाही, छाटणीच्या दिवसांत ते जड जातं. त्याच दिवसांत पाऊण-पाऊण तास उभं राहावं लागतं, कारण प्रत्येकाला समजावून सांगतात. मी तक्रार करणार नाही, फक्त सकाळी दहाच्या आत जा.

एकच तक्रार आहे, ती दुकानालाच सांगते. नायट्राइलचे हातमोजे फक्त मोठ्या मापाचे ठेवता. बायकांच्या हातात ते ढिले होतात, मनगटातून पेस्ट आत उतरते, आणि आत गेलेली पेस्ट उघड्या हातापेक्षा जास्त वेळ कातडीला लागून राहते. दोनदा सांगितलंय. यंदा आमची छाटणी ५ ऑक्टोबरला धरली आहे. त्याआधी छोट्या मापाचे बारा जोड आले तर फोन करा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.