फराळाच्या ताटात काय द्यावं: नानकटाई की खोबऱ्याची बिस्किटं?

शेजारी चार घरी वाटायची असतील तर नानकटाई. 125 ग्रॅम मैदा, 25 ग्रॅम बेसन, 75 ग्रॅम पिठीसाखर, 80 ग्रॅम तूप, चिमूटभर सोडा, वेलची. सगळी मेख तुपात. किनाऱ्यावरच्या उकाड्यात ते पातळच असतं, आणि पातळ तुपाची नानकटाई ट्रेमध्ये पसरून चपटी होते. म्हणून तूप आधी थिजवायचं, साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं, वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे. मग 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. मधे मऊ लागली तरी बाहेर काढा, गार झाल्यावर घट्ट होते.

मालवणहून मुंबईला एसटीने डबा जायचा असेल तर मात्र खोबऱ्याची बिस्किटंच बरी. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते आणि धक्क्याने तिचा भुगाही होतो. लोण्यात थोडं पाणी असतं. त्याने मैदा धरून राहतो. इथे 125 ग्रॅम मैद्याला 80 ग्रॅम लोणी, 75 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस. ओला नारळ घरात कितीही असो, इथे नको: आतून ओलसर राहतात, लवकर बुरशी धरते. कीस मंद आचेवर कोरडा भाजा, पण रंग बदलू देऊ नका, भट्टीत तो पुन्हा भाजला जातोच.

गणपतीतल्या दमट हवेत दोन्ही सादळतात. 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवा, पूर्ण गार करा, मगच डब्यात भरा.