सॅम्पल अस्सल, रीळ नकली

वागळे इस्टेटमध्ये आमचं पंपांचे कंट्रोलर बनवायचं छोटं युनिट आहे. त्यात एसटीएम३२एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कंट्रोलरचा मेंदू असलेली चिप, लागतो. २०२१ च्या चिपांच्या तुटवड्यात अधिकृत वितरक नुसत्या पुढच्या तारखा देत होते, तेव्हा महापेच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, "साहेब, माल रेडी आहे." भाव नेहमीच्या कित्येक पट. ही मंडळी भाव मुद्दाम चढा लावतात, कारण स्वस्त सांगितलं की गिऱ्हाईक बिचकतं.

त्याने पाठवलेलं सॅम्पल आम्ही नीट तपासलं, अस्सलच होतं. मग आरटीजीएस केलं आणि सीलबंद रीळ आलं, म्हणजे ओळीने चिपा बसवलेल्या लांब पट्टीचं गुंडाळं. लेबल, बारकोड, सिलिका जेलची पुडी, सगळं जिथल्या तिथे. रबाळ्याच्या जॉबवाल्याने बोर्डांवर चिपा बसवून दिल्या. प्रोग्रामिंगला पहिले काही बोर्ड पास झाले आणि मग एकामागून एक अडायला लागले. प्रत्येक चिप प्रोग्रामरला आपला ओळख क्रमांक सांगते. या चिपचा क्रमांक १ ने सुरू व्हायला हवा, इथे २ ने होत होता, बाकी आकडे तेच. म्हणजे आत दुसऱ्याच कंपनीची नक्कल! अशा सुसंगत चिपा काही कंपन्या स्वतःच्या नावाने उघड विकतात, त्यात गैर काही नाही. इथे मात्र मूळ नाव घासून वर दुसरं छापलं होतं.

रिळातली उरलेली एक चिप भिंगाखाली धरली. पृष्ठभागावर एकाच दिशेने बारीक ओरखडे, आणि पहिल्या पिनेची खूण असलेला खळगा अर्धा बुजलेला. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर तो काळा झाला. अस्सल चिपेचा रंग असा सुटत नाही. (उलट कापूस कोरा राहिला म्हणून चिप अस्सल, असंही नाही. ॲसिटोनला दाद न देणारे लेपही निघालेत.) रिळाच्या तोंडाशी अस्सल नग लावून पट्टी परत चिकटवली होती.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातली सुमारे १,८०० संशयास्पद प्रकरणं मांडली होती, एकूण नग दहा लाखांहून जास्त. आपल्या पंपाच्या पॅनेलची काय कथा!

व्यापाऱ्याचं उत्तर तयारच होतं, "सॅम्पल तुम्हीच पास केलंत ना, साहेब? फोडलेलं रीळ परत घेत नाही."

तुटवड्यात बाहेरून घ्यावंच लागलं तर रिळाच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे नग काढून त्यांचा ओळख क्रमांक वाचा आणि सगळे पैसे त्यानंतरच सोडा. आणि बिल बघा. आमच्या बिलावर नुसतं 'इलेक्ट्रॉनिक कंपोनंट्स' लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार करायला गेलो तर नक्की काय विकलं हेच कागदावर नव्हतं. पार्ट नंबर, लॉट नंबर आणि उत्पादकाचं नाव बिलावर मागा. "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा कॉलमच नाही" म्हणाला, तर टेम्पोतून रीळ उतरवूनच घेऊ नका.