नवा लॅपटॉप वर्षभर वापरून: वेग नेमका कुठे मिळाला?

माझं काम टॉवेल-चादरींच्या जॅकार्ड डिझाइनचं, म्हणजे कापडातच विणल्या जाणाऱ्या नक्षीचं, सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी. जुना लॅपटॉप आठव्या पिढीच्या आय-५चा, ८ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार म्हणून दुकानदार मागे लागलेला, "आता बदलाच ओ." पण आठव्या पिढीवर विंडोज ११ रीतसर चालतं, त्यामुळे ते कारण मला पटलं नव्हतं. मी बदलला तो वेगासाठी. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास तेराव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीवाला घेतला. (एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान चिपवाली डिस्क; एनव्हीएमई हा तिचा जास्त वेगवान प्रकार.) पंचावन्न हजारांच्या वर गेले.

खरा फरक पडला तो सिम्युलेशनमध्ये. मागावर धागे उचलणाऱ्या हुकांच्या हिशेबानं केलेली ग्राफ फाइल, म्हणजे चौकटींत मांडलेली नक्षी, तशी हलकीच असते. पण तिच्यावर विणी चढवून टॉवेल कसा दिसेल ते पार्टीला दाखवायचं म्हटलं की जुना मान टाकायचा आणि मी चहाला जायचो. आता पार्टी फोनवर असतानाच "बॉर्डर मरून करून बघा", "नको, हिरवीच राहू दे" असं चालतं. मला हे रोज लागतं. महिन्यातून एखाद्या वेळी लागणाऱ्यानं एवढे पैसे घालू नयेत.

जुना विकला नाही. त्यात साटा एसएसडी (एसएसडीचा जुना, कमी वेगाचा प्रकार) आणि आणखी ८ जीबी रॅम टाकली, साडेपाच हजारांत काम झालं. आता वहिनी त्यावर टॅली आणि एक्सेल बघतात. चालू व्हायला पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उघडतं. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. पण टॅलीत दोन्ही शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येणार नाही. आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पोर्टल अडलं की दोन्हींवर सारखंच अडतं.

म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी टाका, मेमरी भरत असेल तर रॅम. सीपीयूच शंभरावर अडकत असेल तर मात्र नवा घ्या.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. मे महिन्यात इथे पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यात मी लूमशेजारी बसणारा. ऐन उन्हाळ्यात तेच सिम्युलेशन जवळपास दुप्पट वेळ खायला लागलं. खालचं झाकण काढलं तर पंख्याच्या जाळीवर रुईचा थर, टॉवेलचाच तुकडा म्हणा! ब्रशनं काढल्यावर पूर्ववत. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी साफ करतो आणि दुपारची जड कामं सकाळी उरकतो.

बॅटरी सुरुवातीला पाच तास जायची, आता चारवर आलीय. वीज गेली तरी तेवढ्यात भागतं.