१८६१ च्या जहाजाचं ‘ओरिजिनल’ तिकीट म्हणून रद्दी गळ्यात मारली, नॉर्वेचे पूर्वज शोधणाऱ्यांनी सावध राहा

आमचे जावई अमेरिकेतल्या मिनेसोटाचे, त्यांचे पूर्वज नॉर्वेतल्या बर्गनकडून शिडाच्या जहाजाने आलेले. २०२५ ला तिकडे या स्थलांतराची २०० वर्षं साजरी झाली. १८२५ मध्ये स्टाव्हांगरहून ‘रेस्टोरेशन’ नावाचं एक गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि न्यूयॉर्कला पोचलं, तिथून हे सगळं सुरू झालं म्हणतात. तर त्या सोहळ्याच्या नादात ‘तुमचे पूर्वज शोधून देतो’ वाल्यांचं पण पेव फुटलं होतं.

जावयांच्या वाढदिवसाला काहीतरी वेगळं द्यावं म्हणून मी शोधत होते तर एक माणूस भेटला, १८६१ चं खरं तिकीट आहे, खापरपणजोबांच्याच नावाचं, सोबत प्रवाशांची यादी आणि सर्टिफिकेट. व्हिडिओ कॉलवर पांढरे हातमोजे घालून चिमट्याने कागद उचलून दाखवला हो त्याने! ३५० डॉलर. कार्ड नको म्हणाला, फी वाचेल, थेट बँकेत ट्रान्सफर करा. ही फी कोणाची वाचत होती ते नंतर कळलं, कारण ट्रान्सफर केलं की कार्डासारखी तक्रार करून पैसे परत मागता येत नाहीत.

पार्सल लेकीच्या घरी गेलं. जावयांच्या आत्याबाई वंशावळीच्या कामात मुरलेल्या, त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला. तिकिटावर भाडं क्रोनरमध्ये, पण नॉर्वेत क्रोन आला १८७५ ला, त्याआधी स्पेसीडालर चालायचे. कंपनीचा पत्ता ओस्लो, तेव्हा शहराचं नाव क्रिस्तियानिया होतं, ओस्लो झालं १९२५ ला. शिक्का एलिस आयलंडचा, म्हणजे न्यूयॉर्कला येणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राचा, ते उघडलंच १८९२ मध्ये. शिवाय त्या काळात नॉर्वेची बहुतेक जहाजं माणसं घेऊन कॅनडातल्या क्यूबेकला जायची आणि येताना लाकूड भरून यायची, तिथून लोक पुढे आत विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे. आणि तिकिटात तीन वेळचं जेवण! अहो तेव्हा लोक महिनोन्महिन्यांचं खाणं घरून बांधून न्यायचे, फ्लॅटब्रेड, खारवलेलं मांस, सुके मासे, जहाजावर पाणी आणि चूल मिळायची. यादीत बायकोपुढे पण ‘ऑल्सन’ लिहिलेलं, तेव्हा लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने, म्हणजे ‘ऑल्सडॅटर’ (ओलेची मुलगी) वगैरे असायची.

मग लेकीने भिंग लावून फोटो पाठवला. अक्षरांच्या कडेला रंगीबेरंगी बारीक ठिपके, साधी प्रिंटरची शाई. चहाचे डाग तर इतके शहाणे की घडीच्या दोन्ही बाजूंना सारखे आणि आतून कागद पांढराफटक.

त्याला विचारलं तर म्हणे कागद टिकवायला केमिकल लावलंय म्हणून तसं दिसतं, मग म्हणे त्याच्या पार्टनरला विचारतो, आणि मग ब्लॉक. बँकेने हात वर केले.

चीड याची जास्त येते की हीच माहिती फुकट मिळते. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची डिजिटलआर्किव्हेट नावाची साइट आहे, त्यावर चर्चची जुनी रजिस्टरं, १८६५ ची जनगणना सगळं स्कॅन करून टाकलेलं आहे. पोलिसांकडची स्थलांतर करणाऱ्यांची नोंद १८६७ पासून पुढे मिळते, त्यामुळे त्याआधीच्या माणसाची ‘पोलीस नोंद’ कोणी विकत असेल तर तिथेच फोन ठेवा. आत्याबाईंनी खापरपणजोबांचा बाप्तिस्मा त्या चर्चच्या रजिस्टरात आधीच शोधून ठेवला होता, एक पैसा न देता.

आणि तो माणूस अजून धंद्यात आहे बरं का, दुसऱ्या नावाने. हातमोजे तेच, ओळखू आले. आता त्याच्याकडे स्टाव्हांगरहून निघणाऱ्या ‘रेस्टोरेशन’चा १८२५ चा ओरिजिनल फोटो आहे म्हणे. फोटो काढायची पद्धत जगापुढे आली १८३९ ला. लेकीने तक्रार टाकलीये, तुम्हाला असली जाहिरात दिसली तर तुम्ही पण टाका.